कुंडीतली लिली मे-जूनमध्ये फुलवायची तर: थंडीपासून पावसाळ्यापर्यंतची कामं, क्रमाने

"पानं भरगच्च आहेत, पण फूल एकही नाही." मे महिना आला की ही तक्रार सुरू होते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, कुठलं खत घालू? मे महिन्यात घातलेल्या खताचा त्या वर्षीच्या फुलाशी फारसा संबंध नसतो. एमरिलिस असो की फुटबॉल लिली, यंदाचा फुलदांडा गेल्या पावसाळ्यात पानांनी कमावलेल्या अन्नावर उभा राहतो. थंडीत कंदाला कोरडी विश्रांती मिळाली, तर तो वेळेवर बाहेर येतो. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं: पावसाळ्यात पानं कापली जातात, थंडीत रोज पाणी पडतं आणि उन्हाळ्यात खताचा मारा होतो.

पुढचा क्रम पुणे, नाशिक अशा पठारी हवामानाला धरून आहे. कोकण, गोवा आणि विदर्भात जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

## १. आपल्याकडे कुठली लिली आहे ते आधी ओळखा

नर्सरीत 'लिली' या एकाच नावाखाली निरनिराळ्या सवयींची झाडं विकली जातात. एकीची पद्धत दुसरीला लावली की वर्ष वाया जातं.

- एमरिलिस (हिपिएस्ट्रम): पट्ट्यासारखी लांब पानं, जाड पोकळ दांडा, त्यावर भोंग्याच्या आकाराची लाल, केशरी किंवा पांढऱ्या रेघांची फुलं. आपल्याकडे मार्च ते मे. विश्रांती हवी.
- फुटबॉल लिली, म्हणजेच मे फ्लॉवर: दांड्याच्या टोकाला बारीक लाल फुलांचा गोल गेंद. थंडीत पानं पूर्ण नाहीशी होतात, त्यामुळे 'झाड मेलं' समजून कुंडी रिकामी करणारे बरेच असतात.
- रेन लिली: गवतासारखी पानं, पांढरी, गुलाबी किंवा पिवळी फुलं. वळीव पडून गेला की काही दिवसांत उमलतात.
- निशिगंध: वनस्पतिशास्त्राने ही लिली नव्हे, पण कंद त्याच टोपलीत विकायला असतात. मार्च-एप्रिलमध्ये लावले तर आषाढ-श्रावणात फुलतात.
- स्पायडर लिली आणि डे लिली: बाराही महिने हिरव्या. यांना विश्रांतीसाठी कोरडं ठेवायचं नाही. डे लिलीला कंद नसतो, मांसल मुळं असतात. तिचं एक फूल एकच दिवस टिकतं, पण त्याच दांड्यावर रोज नवी कळी उमलत राहते.

इशारा: पुष्पगुच्छातल्या आशियाई आणि ओरिएंटल लिलीचे कंद ऑनलाइन भरपूर मिळतात. हे बहुतेक आयात केलेले आणि आधी शीतगृहात ठेवलेले असतात. पहिल्या वर्षी त्या साठ्यावर ते झकास फुलतात. पुढच्या फुलासाठी त्यांना पुन्हा काही आठवडे २ ते ५ अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी लागते आणि ती पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत मिळत नाही. एका हंगामापुरती हौस म्हणून जरूर घ्या, बारमाही झाड म्हणून नको. परदेशातल्या नातेवाइकांना बॅगेतून कंद आणायलाही सांगू नका. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार त्यासाठी परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं.

दुसरा इशारा, मांजर पाळणाऱ्यांना: आशियाई, ओरिएंटल आणि डे लिली मांजराच्या मूत्रपिंडाला घातक असतात. पराग अंगाला लागून चाटला गेला तरी धोका असतो. एमरिलिस, फुटबॉल आणि रेन लिलीचे कंदही विषारी आहेत. कांद्यासारखे दिसतात म्हणून ते स्वयंपाकघराच्या टोपलीजवळ ठेवू नका.

## २. थंडीतला ताण: नोव्हेंबर अखेर ते जानेवारी

डाळिंबाच्या किंवा संत्र्याच्या बागेत पाणी तोडून ताण देतात आणि मग बहार धरतात. कुंडीतल्या एमरिलिसचं गणित तेच आहे, पण बाल्कनीत हातात झारी आली की सगळ्या कुंड्यांना सारखं पाणी घातलं जातं.

क्रम असा ठेवा:

1. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खत बंद करा.
2. दोन आठवड्यांत पाणी निम्म्यावर आणा, महिनाअखेरीस पूर्ण बंद करा.
3. पानं पिवळी पडू द्या. पूर्ण वाळलेलं पान ओढल्यावर अलगद हातात येतं, तेवढंच काढा.
4. कुंडी आडोशाला, कोरड्या आणि उजेडाच्या जागी ठेवा. ठिबकची नळी असेल तर या कुंडीतून उपसून ठेवा.
5. आठ ते दहा आठवडे तिला विसरून जा.

काही एमरिलिसची पानं पाणी तोडलं तरी हिरवीच राहतात. ती कापायची नाहीत. विश्रांती पाणी तोडल्याने मिळते, पानं कापल्याने नाही. फुटबॉल लिली दिवाळीच्या पुढेमागे आपोआप झोपते. तिची कुंडी एप्रिलच्या मध्यापर्यंत कोरडी राहिली तरी चालते. कुंडीवर नाव आणि 'पाणी नको' अशी पट्टी लावा, नाहीतर घरातलं कुणीतरी दयाळू माणूस रिकाम्या मातीला पाणी घालतं आणि कंद सडतो.

तपासणी: जानेवारीत कंद बोटांनी दाबून पाहा. घट्ट असेल तर सगळं ठीक आहे. वरचा पापुद्रा सुरकुतलेला चालतो, पण आतून बोट रुतता कामा नये.

## ३. कंद निवडणं आणि साफ करणं: फेब्रुवारी

नवा कंद घ्यायचा असेल तर तो हातात घेऊनच घ्या. आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. उलटा करून बूड बघा: मुळं जिथून फुटतात ती तळाची चकती टणक आणि कोरडी हवी. तिथे बुरशीची पांढरी जाळी, काळसर ओल किंवा आंबूस वास असेल तर कंद कितीही मोठा असला तरी परत ठेवा. वरचा थोडा भाग कुजला तर कंद वाचू शकतो, पण बूड गेलं की मुळं फुटायला जागाच राहत नाही.

मग आकार पाहा. एमरिलिसच्या कंदाचा घेर साधारण २० सेंमी किंवा जास्त असेल तर त्याच वर्षी फूल यायची शक्यता चांगली. लिंबाएवढं पिल्लू स्वस्त मिळतं, पण ते फुलायला दोन-तीन वर्षं घेतं. निशिगंधाचा कंद किमान दोन-अडीच सेंमी जाडीचा घ्या. निशिगंधात आणखी एक गोष्ट: एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या बाजूची पिल्लं फुलतात. म्हणून मधे वाळक्या दांड्याचं खोड असलेला मोठा गड्डा पाहून भुलू नका. सुट्या फुलांसाठी बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने काढलेल्या 'शृंगार' आणि 'प्रज्वल' या एकेरी जाती, फुलदाणीसाठी 'सुवासिनी' ही दुहेरी किंवा 'वैभव' ही निमदुहेरी जात मागा.

जुन्या कुंडीतला कंद काढताना माती कोरडी हवी. कुंडी आडवी धरून बाजूंवर थापट्या मारा, कंद पानांना धरून उपटू नका. वाळके पापुद्रे काढा, मेलेली पोकळ मुळं छाटा, पांढरी भरीव मुळं तशीच ठेवा. मानेच्या, म्हणजे पानं निघतात त्या वरच्या टोकाच्या, बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर ती मिलीबग नावाची कीड आहे. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून घ्या. कुठे जखम झाली असेल तर कंद दोन दिवस सावलीत वाळवा आणि मगच लावा. ओल्या जखमेवर ओली माती म्हणजे सडण्याला आमंत्रण.

फुटबॉल लिलीला मात्र दरवर्षी उपटून पाहायची गरज नाही. तिला मुळं हलवलेली खपत नाहीत. कुंडी फुटायला येईपर्यंत तिला तिथेच राहू द्या. वरची दोन इंच माती बदलली की पुरे.

## ४. कुंडी आणि माती

कंदाभोवती चहूबाजूंनी दोन-तीन सेंमी जागा उरेल एवढीच कुंडी घ्या. एका एमरिलिसला ६ इंची कुंडी पुरते. मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कंद बुडापासून सडतो. 'मोठी कुंडी म्हणजे मोठं झाड' हे कंदांना लागू नाही. रेन लिलीला तर दाटीच आवडते. ८ इंची पसरट कुंडीत दहा-बारा कंद खुशाल लावा.

मिश्रण, मापाने: चार भाग बागेची लाल माती, दोन भाग जाड वाळू, दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. नदीची वाळू मिळत नसेल तर बांधकामाची क्रश सँड चालते, मात्र ती आधी चाळून आणि धुऊन घ्या. तिच्यातली बारीक पूड पाण्याबरोबर खाली बसते आणि कुंडीची भोकं सिमेंटसारखी बुजवते. काळी माती वापरत असाल तर वाळूचं प्रमाण दुप्पट करा.

ताजं शेण नको. निंबोळी पेंड मिश्रणाच्या खालच्या अर्ध्या भागात मिसळा, ती कंदाला चिकटता कामा नये.

तपासणी: कंद लावण्याआधीच भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओता. अर्ध्या मिनिटात खालून धार लागली पाहिजे. पाणी वर तळं करून बसलं तर मिश्रण पुन्हा करा. कंद लावून झाल्यावर हे काम कुणी करत नाही.

## ५. लावणीची खोली

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कंद दिसला की तो मातीखाली गाडायचा, असा आपला हात वळलेला असतो.

- एमरिलिस: वरचा एक तृतीयांश ते अर्धा भाग मातीच्या वर. खांदे उघडेच राहू देत.
- फुटबॉल लिली: मान मातीच्या पातळीला, टोक जेमतेम दिसेल अशी.
- स्पायडर लिली: मान पातळीला किंवा किंचित वर.
- रेन लिली: वर दोन-तीन सेंमी माती, दोन कंदांत तीन-चार सेंमी अंतर.
- निशिगंध: वर चार-पाच सेंमी माती.
- डे लिली: पानं आणि मुळं जिथे मिळतात तो भाग दोन सेंमीहून खोल नको. मुळं मातीच्या छोट्या ढिगावर छत्रीसारखी पसरवून लावा.

एमरिलिस पूर्ण गाडला तर मानेत पाणी साचतं, पानांवर आणि दांड्यावर लालसर चट्टे येतात आणि कळी आतच वाकडी होते. एक खरं, की या कंदाला जखम झाली तरी तिथे लाल डाग पडतो. त्यामुळे प्रत्येक लाल ठिपक्याला बुरशी समजून फवारे मारू नका. चट्टे वाढत असतील तरच बाधित पान काढा आणि माती मानेपासून मागे ओढा.

माती बोटांनी घट्ट करा, पण कंदावर दाब देऊ नका. कुंडीच्या काठाखाली तीन सेंमी जागा सोडा.

## ६. पहिलं पाणी आणि त्यानंतरचा धीर

लावल्यावर एकदाच भरपूर पाणी द्या, खालून वाहेपर्यंत. मग थांबा. मुळं अजून फुटलेली नसतात, त्यामुळे पाणी प्यायला कुणी नसतं. कोंब दोन इंच वर येईपर्यंत माती वरून दोन बोटं सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नको.

वेळा अशा: एमरिलिसला फेब्रुवारीत, निशिगंधाला लावणीबरोबर मार्च-एप्रिलमध्ये, फुटबॉल लिलीला एप्रिलच्या मध्यानंतर.

एमरिलिसचा कोंब दिसला की तो पानाचा की फुलाचा, यावरून घराघरांत पैजा लागतात. बारकाईने पाहिलं तर कळतं. पानाचा कोंब चपटा आणि पातळ असतो, जोडीने येतो, टोक गोलसर. फुलाचा कोंब बहुधा कंदाच्या मध्यावर न येता एका कडेने निघतो. तो जाड असतो, टोकाकडे फुगीर आणि वर निमुळता. चिमटीत धरला तर आत भरीव लागतो, कारण आवरणात कळ्या दाटीने बसलेल्या असतात.

फुलाचा कोंब असेल तर पाणी थोडं वाढवा आणि कुंडी दर तीन-चार दिवसांनी पाव फेरा फिरवा, नाहीतर दांडा उजेडाकडे झुकून कुंडीच उलटते. कोवळं सकाळचं ऊन चार तास पुरेसं आहे. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, दुपारचं ऊन कळ्या भाजून काढतं. पाणी सकाळी लवकर, मातीला. तापलेल्या टाकीचं दुपारचं पाणी मुळांवर ओतू नका.

रेन लिलीची युक्ती: एप्रिल-मेमध्ये कुंडी दोन-तीन आठवडे जवळजवळ कोरडी ठेवा. मग एका संध्याकाळी कुंडी बादलीभर पाण्यात काठापर्यंत बुडवा, बुडबुडे थांबले की काढा. साधारण आठवड्याभरात कळ्या येतात. फुलं दोन दिवसांत संपतात. पुन्हा ताण, पुन्हा पाणी, असं मोसमात दोन-तीनदा करता येतं. मे महिन्यात रोज थोडंथोडं पाणी मिळणारी रेन लिली मात्र नुसतं गवत होऊन बसते.

## ७. फूल सुकल्यावर काय कापायचं, काय नाही

सुकलेली फुलं लगेच खुडा. मागची हिरवी गाठ फुगत असेल तर तीही काढा. बी धरण्यात कंदाची शक्ती जाते आणि बियांपासून फूल यायला कित्येक वर्षं लागतात. दांडा हिरवा असेपर्यंत राहू द्या, तोही अन्न करतो. पिवळा पडला की बुडाजवळ कापा.

पानांना हात लावायचा नाही. लांब होऊन लोळतात, कुंडी गबाळी दिसते, सोसायटीचे माळीकाका कात्री घेऊन येतात. त्यांना आधीच सांगून ठेवा. पानांची वेणी घालणं, रबर लावून गठ्ठा बांधणं हेही नको, कारण आतल्या पानांना ऊन मिळत नाही. लोळणाऱ्या पानांना काडीचा आधार द्या. एमरिलिसमध्ये साधारण दर चार पानांमागे कंदाच्या पोटात एक नवा फुलदांडा धरतो. जूनमध्ये आठ निरोगी पानं कापणाऱ्याने पुढच्या उन्हाळ्याचे दांडे उपाशी ठेवले, असाच हिशेब होतो.

## ८. पावसाळा: पोसण्याचे आणि पहाऱ्याचे दिवस

जून ते सप्टेंबर दर पंधरा-वीस दिवसांनी कुंडीला मूठभर गांडूळखत द्या, किंवा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात. ऑगस्टच्या मध्यानंतर नत्र कमी करून पालाश वाढवा: ०:०:५० लिटरला एक-दोन ग्रॅम, महिन्यातून दोनदा. केळीच्या सालीच्या पाण्यावर बऱ्याच जणांची श्रद्धा आहे. त्याने फुलं किती वाढतात सांगता येत नाही, चिलटं मात्र नक्की वाढतात.

कुंडीखालची ताटली काढून टाका. कंद सडतो आणि डासही होतात. कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्यावर सतत झोडपणाऱ्या पावसात कुंड्या पडवीत किंवा पत्र्याच्या कडेला ठेवा आणि खाली दोन विटा द्या. स्पायडर लिली पावसात मजेत राहते, तिला हलवायची गरज नाही.

आता अळी. पहिल्या पावसानंतर एमरिलिस आणि स्पायडर लिलीच्या पानांवर पांढुरके, आरपार उजेड दिसणारे पट्टे दिसू लागले की समजा, ती आली. पतंग पानाच्या मागे पुंजक्याने अंडी घालतो. बारीक अळ्या पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधे शिरून आतला गर खातात, त्यामुळे वरून फवारलेलं काहीच त्यांना लागत नाही. मोठ्या झाल्या की त्या बाहेर येतात, काळ्या अंगावर पांढरे-पिवळे ठिपके दिसतात. मग पान खात खात त्या मानेतून थेट कंदात उतरतात. दोन-तीन रात्रींत अख्खी कुंडी भुईसपाट होते.

करायचं ते याच क्रमाने:

1. जून-जुलैत एक दिवसाआड पानं उलटून पाहा. अंड्यांचा पुंजका दिसला तर तेवढा भाग कापून साबणाच्या पाण्यात टाका.
2. पांढरा पट्टा पडलेलं पान पट्ट्याच्या खाली दोन इंचांवर कापा. पान वाचवण्याचा नियम इथे मोडायचा.
3. बाहेर आलेल्या अळ्या रात्री टॉर्च घेऊन वेचा.
4. खूपच असतील तर बीटी हे जैविक कीडनाशक डब्यावरच्या प्रमाणात, संध्याकाळी, पाऊस नसताना फवारा. निंबोळी तेल अंडी घालण्याआधी उपयोगी पडतं, अळी आत शिरल्यावर नाही.

तपासणी: पान अचानक आडवं पडलं तर मानेजवळ बारीक भोक आणि काळी विष्ठा आहे का ते पाहा. असेल तर कंद उपटा, पोखरलेला भाग धारदार सुरीने निरोगी पांढऱ्या थरापर्यंत कापा, वाळवा आणि नव्या मातीत लावा. बूड शाबूत असेल तर कंद वाचतो, पण त्या वर्षी फुलाची आशा धरू नका.

## ९. तरीही फूल आलं नाही तर

कारणं या क्रमाने तपासा, कारण वरची कारणं जास्त वेळा सापडतात.

ऊन आधी. कुंडी दिवसभर सावलीत असेल तर पानं लांब, मऊ आणि फिकट होतात. तिला पावसाळ्यात चार-पाच तास ऊन मिळेल अशा जागी न्या, एकदम नव्हे, आठवडाभरात हळूहळू.

मग ताण. गेल्या थंडीत खरंच पाणी बंद होतं का? ठिबक, शेजारच्या कुंडीतून झिरपणारं पाणी, अवकाळी पाऊस, हे सगळं मोजा.

मग खोली. एमरिलिसचे खांदे दिसत नसतील तर माती बाजूला करा, उपटायची गरज नाही.

मग दाटी. एका कुंडीत मोठ्या कंदाभोवती सात-आठ पिल्लं झाली असतील तर सगळी एकमेकांचं अन्न खातात. ताण संपताना, फेब्रुवारीत, स्वतःची मुळं असलेली पिल्लं वेगळी करा. बिनमुळ्यांची आईलाच चिकटलेली राहू द्या. निशिगंध दोन-तीन वर्षांनी पूर्ण उपटून मोठी पिल्लं निवडून नव्याने लावावा लागतो. रेन लिली आणि फुटबॉल लिली मात्र दाटीमुळे क्वचितच अडतात, त्यांची कुंडी विनाकारण फोडू नका.

आणि नव्याने लावलेली किंवा जागा बदललेली फुटबॉल लिली पहिल्या वर्षी नुसती पानं देते. तिच्यात काही बिघडलेलं नसतं. पानं सांभाळा आणि पुढच्या एप्रिलपर्यंत तिला त्याच कुंडीत राहू द्या.